तीनशे फुटांचा महिन्याचा हिशेब

लालबाग-परळच्या चाळीत पुनर्विकासाची बैठक बसली की पहिला प्रश्न ठरलेला: किती फूट मिळणार? मेंटेनन्स किती येणार, हे बैठक उठताना कोणीतरी विचारतं आणि बिल्डरचा माणूस ‘कॉर्पस देतोय ना’ म्हणून मोकळा होतो. कॉर्पस म्हणजे मेंटेनन्ससाठी बिल्डर घरटी देतो ती एकरकमी ठेव. खरं तर आधी हाच प्रश्न विचारायला हवा.

पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्यावर घेतलेल्या, 10 बाय 16 च्या खोलीचं भाडं आजही बहुतेक ठिकाणी शेकड्यांत आहे. 1947 च्या कायद्याने भाडं 1940 च्या पातळीवर गोठवलं आणि 1999 च्या कायद्याने वर्षाला फक्त 4 टक्के वाढ दिली. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी कामगारांची बिऱ्हाडं इथे टिकली ती या भाड्यामुळेच. पण त्याच भाड्यात दुरुस्ती भागत नाही, गॅलरीचे वासे कुजतात आणि पुनर्विकासाला पर्याय उरत नाही.

जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीत मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम 33(7) खाली राहत्या भाडेकरूला किमान 27.88 चौरस मीटर, म्हणजे 300 चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) मिळतं. आता आकडा मांडा. फुटाला महिना 12 रुपये मेंटेनन्स धरला, तर 3,600 रुपये. कॉर्पस घरटी 3 लाख मिळाला आणि साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकला, तर व्याज महिन्याला 1,625. उरलेले 1,975 खिशातून. पूर्ण खर्च व्याजातून निघायला घरटी साधारण 6 लाख 65 हजार हवेत. त्यातही सगळं व्याज खर्चून टाकलं तर मुद्दल तेवढंच राहतं आणि खर्च मात्र वाढत जातो. वर्षाला 7 टक्के वाढ धरली तर दहा वर्षांत जवळपास दुप्पट. गिरणीच्या तुटपुंज्या पेन्शनवर राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला हा फरक झेपत नाही. मग घर भाड्याने देऊन डोंबिवली-विरार गाठावं लागतं.

खर्च वाढतो कुठे? लिफ्ट, पाण्याचा पंप, आगीचा पंप, जिन्यातले दिवे. त्याहून महाग यांत्रिक पार्किंग: गाड्या मोजक्या, पण त्याच्या देखभालीचा करार सगळ्यांच्या माथी. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी नकाशा मागा आणि पाहा: रहिवाशांच्या विंगचा वीजमीटर, पंप आणि लिफ्ट बिल्डर बाहेर विकतो त्या इमारतीपासून वेगळी आहे का? पोडियम, जिम, बगीचा यांचा खर्च कोणाकडे? लिफ्टची वॉरंटी किती वर्षं? उत्तरं करारात लेखी हवीत. कॉर्पसची रक्कम सोसायटीच्या खात्यात कधी येणार, तेही तारखेसह लिहून घ्या. ‘ताबा देताना’ एवढंच लिहिलं असेल तर ताबा लांबला की पैसेही लांबतात.

जास्त फुटांसाठी भांडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुंबईत 500 फुटांपर्यंतच्या घराला 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. 510 फूट पदरात पाडून घेतलं, तर दहा फुटांपायी ती माफी जाते.

दुसरी अडचण पावतीची. भाडेपावती वारलेल्या वडिलांच्या नावावरच राहिलेली असते आणि भावंडांचा वाद नवीन घराला कोण पात्र याची यादी लागल्यावर बाहेर येतो. तोवर घर अडकतं, बांधकाम होईपर्यंत बाहेर राहायला बिल्डर देतो तो भाड्याचा चेकही थांबतो. सोबत राहणाऱ्या वारसाचं नाव आधीच लावून घ्या. जुन्या पावत्या, रेशनकार्ड, बेस्टची वीजबिलं एका फाइलीत ठेवा.

आणि खोली रिकामी करायची ती पर्यायी घराचा करार नोंदणी झाल्यावरच. बाहेरच्या भाड्याबरोबर दर अकरा महिन्यांनी दलाली आणि सामान हलवण्याचा खर्चही येतो. तो करारात नसेल तर तुमच्याच अंगावर पडतो.