गालजीबागच्या वाळूत दोन रात्री

जन्म डिचोलीचा आणि नोकरीही तिथेच, त्यामुळे गोव्यातील वन्यजीव म्हणजे म्हादई आणि मोलेच्या जंगलातील गवे, शेकरू आणि साप, अशीच माझी समजूत होती. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, हे वर्तमानपत्रात दरवर्षी वाचूनही ती पाहायला जावे असे चाळिशी उलटेपर्यंत वाटले नव्हते. मोरजी घरापासून जवळ असूनही जानेवारीत मी थेट काणकोण गाठले, कारण मोरजीच्या किनाऱ्यावर रात्री अंधार शोधावा लागतो.

गालजीबागला सुरूच्या बनापलीकडे वनखात्याची झोपडी आहे आणि तिच्याशेजारी जाळीने वेढलेली जागा, जिथे हलवलेल्या प्रत्येक घरट्यावर अंड्यांची संख्या आणि तारीख लिहिलेली पाटी असते. तेथील रखवालदारकाकांनी मला गस्तीला सोबत घेतले. मध्यरात्र उलटल्यावर पाण्यातून एक काळा उंचवटा वर सरकू लागला आणि मी, काही कळायच्या आत, मोबाईलचा दिवा लावला. कासव थांबले, वळले आणि आले तसे परत गेले. काका रागावले नाहीत. वाळूवर उमटलेला अर्धवर्तुळाकार माग दाखवून म्हणाले, ‘‘ती आज कदाचित परत येईल, कदाचित नाही. दिवा खिशात ठेवा.’’ रागावले असते तर बरे झाले असते.

पहाटे तीनच्या सुमारास दुसरी मादी आली. मागच्या वल्ह्यांनी तिने सुमारे दीड फूट खोल खड्डा इतक्या सफाईने खणला की घडा कोरल्यासारखा दिसत होता. अंडी घालून झाल्यावर वाळू लोटून ती डावीउजवीकडे अंग आपटू लागली, तेव्हा तो धपधप आवाज मला पायाखाली जाणवला. एका वेळी साधारण शंभर अंडी असतात. ती काही तासांतच हलवावी लागतात, आणि तीही न उलटता, कारण नंतर आतील गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडे फिरले तर मरतो. त्या रात्री मी फक्त बादली धरली, तरी हात थरथरत होते.

पूर्वी ही अंडी बाजारात विकली जात, असे गावातील वयस्क मंडळी सहज सांगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला संरक्षण आहे. पण कुत्रे, खेकडे आणि घारी कायदा वाचत नाहीत, म्हणून राखण लागते. वाळूच्या उबेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते (ऊब जास्त तर माद्या अधिक), म्हणून जाळीवर सावली किती धरायची हाही प्रश्नच असतो.

मार्चमध्ये, त्या घरट्याचे पन्नासएक दिवस भरल्यावर, मी पुन्हा गेलो. पिल्ले सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावतात आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही जवळच्या घरांत फिरून समुद्राकडचे दिवे बंद करण्याची विनंती केली. एका आजीने दिवा तर घालवलाच, वर आम्हाला सोलकढी दिली.

पिल्ले गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे उकरून रिकामी कवचे मोजण्याचे काम माझ्याकडे आले. कवचे कागदासारखी मऊ असतात आणि वाळूसकट बोटांना चिकटतात. मोजणी संपत आली असता अगदी तळाशी, कवचांखाली दबलेले एक पिल्लू हलले. काकांनी ते पाण्यापासून दहा पावलांवर ठेवायला सांगितले, कारण ते अंतर त्याने स्वतःच चालायला हवे. त्याला सुमारे पाच मिनिटे लागली. मोबाईल माझ्या खिशातच राहिला.