तिसऱ्या गिअरचे रस्ते : ऑक्टोबर ते मार्चची नोंद

दिवाळीआधीपासून नोंद लिहायची राहिली होती. रीडिंग, पेट्रोल आणि रस्त्यांची नावं वहीत वेळच्या वेळी उतरवली होती, ती समोर घेऊन सहा महिन्यांचं एकदमच लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीबद्दल थोडं. १९९९ ची मारुती ८००, कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग), ७९६ सीसी, चार गिअर, नंबर एमएच-२३. पाच वर्षांपूर्वी केजच्या एका निवृत्त गुरुजींकडून घेतली. त्यांनी ती शेतात आणि बाजाराला जाण्यापुरतीच वापरली होती, म्हणून पत्रा अजून चांगला आहे. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, काचा हाताने फिरवायच्या. २०२४ मध्ये पासिंग झालं, हरित कर भरला, आता २०२९ पर्यंत बघायचं नाही. पहिली आठशे डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि शेवटची जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून निघाली. तीस वर्षं ही गाडी बनत राहिली, त्याचा फायदा आपल्याला आजही होतो. क्लच केबल, ऑइल फिल्टर, ब्रेक शू असलं सामान तालुक्याच्या गावात मिळून जातं.

मी राहते अंबाजोगाईत, नोकरी बँकेत. रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार एवढाच वेळ हाताशी असतो, म्हणून फेरी पहाटेची.

मी शोधते ते तिसऱ्या गिअरचे रस्ते. आठशेत तिसरा गिअर पंचविसाला बसतो आणि पंचावन्नपर्यंत इंजिन कुरकुरत नाही. एकेरी डांबरी रस्ता, साइडपट्टी शाबूत, वळणामागून वळण, आणि समोरून कुणी येत असेल तर लांबूनच दिसावं एवढी मोकळी नजर. असा रस्ता लागला की आठ-दहा किलोमीटर गिअरच्या दांड्याला हात लावावा लागत नाही. वळणाआधी ॲक्सिलरेटर सोडला की गाडी स्वतःच हवी तेवढी हळू होते, वळणात पाय ठेवला की ओढून घेते. ब्रेकला जवळपास काम उरत नाही. हीच गाडी मी चौपदरीवर सोलापूरच्या बाजूला नेऊन पाहिली आहे. ऐंशीला दारं वाजतात, शेजारून ट्रक गेला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावं लागतं, आणि उतरल्यावर खांदे दुखतात. पन्नासला बालाघाटाच्या माथ्यावर ती चालते तेव्हा तिच्यात काही कमी आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही.

ऑक्टोबर. अंबाजोगाई–आडस–धारूर

हा माझा घरचा रस्ता. हंगाम सुरू करायचा तो इथूनच.

पंधरा दिवस गाडी ताडपत्रीखाली होती. बॅटरी लावली, चोक पूर्ण ओढला, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडला आणि किल्ली फिरवली. पहिल्या वेळी नुसताच फटफट आवाज, दुसऱ्या वेळी इंजिन लागलं. थंड कार्बोरेटरची गाडी चालू झाल्यावरचं पहिलं मिनिट मला फार आवडतं. रेस चढलेली असते, एक्झॉस्टला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, बॉनेट हलकंसं थरथरतं. मग चोक निम्मा आत, गाव ओलांडेपर्यंत पूर्ण आत. आत ढकलताना अंगठ्याला जो विरोध लागतो त्यावरून इंजिन तापलं की नाही हे आता मला कळतं. घाई करून आत ढकलला तर पहिल्याच चढाला गाडी गुदमरते.

आडसच्या पुढे रस्त्याकडेला सीताफळाच्या पाट्या लागलेल्या. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे हे बऱ्याच जणांना माहीत असेल. बालाघाटाच्या या मुरमाड, उथळ जमिनीत ती झाडं कुणी न लावता वाढतात. पाटी घेतली आणि मागच्या सीटवर ठेवली, परत येईपर्यंत गाडीभर वास.

एका गोष्टीची सूचना सगळ्यांना. ऑक्टोबरात निम्मा रस्ता सोयाबीनने व्यापलेला असतो. वाळवण घातलेलं, मळणीचा भुसकट पसरलेला. त्यावरून गाडी नेऊ नका. शेतकऱ्याचं नुकसान तर होतंच, शिवाय वाळलेला पाला खाली तापलेल्या सायलेन्सरला अडकला तर पेट घेऊ शकतो. मी थांबते, वाळवण घातलेला माणूस हात करतो, मग त्याने दाखवलेल्या बाजूने जाते. त्या दिवशी असं चार वेळा थांबले.

६४ किलोमीटर. तिसरा गिअर बहुतेक सगळीकडे.

नोव्हेंबर. घाट उतरून

धारूरचा घाट उतरून तेलगावकडे गेले आणि पुढे मुख्य रस्ता सोडून आतल्या गावांच्या रस्त्याला लागले. मला बरेच दिवस पडलेला प्रश्न तिथे सुटला. रस्ता चांगला की वाईट हे ठेकेदारावर ठरतं असं आपण म्हणतो, आणि ते थोडंफार खरंही आहे. पण वरच्या माथ्यावर दहा-दहा वर्षांचं डांबर तग धरून आहे आणि खाली तीन वर्षांपूर्वीचा रस्ता लाटा आल्यासारखा झाला आहे, याचं कारण जमिनीत आहे.

वर मुरूम आणि खडक, पाणी मुरून निघून जातं. खाली सिंदफणा आणि गोदावरीच्या खोऱ्यातली काळी माती. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होतं. आधी कडा मोडते, मग साइडपट्टी आणि रस्ता यांच्यात वीतभर उंचवटा तयार होतो, आणि समोरून एसटी आली की खाली उतरताना गाडीचं पोट घासतं. आठशेची चाकं बारा इंची. मोठ्या चाकाच्या गाडीला जी लाट कळतही नाही ती हिला पाठीच्या कण्यात जाणवते.

तेव्हापासून रस्ता निवडताना मी आधी शेत बघते. कडेला सीताफळ, पळस, बोरी, तांबूस मुरूम दिसला तर रस्ता बहुतेक तिसऱ्या गिअरचा. ऊस आणि दाट काळं रान दिसलं तर दुसऱ्या गिअरचा. सोनपेठच्या बाजूला हीच खूण लावून पाहिली, बरोबर निघाली.

डिसेंबर. नळी

या महिन्यात फेऱ्या दोनच. ७ तारखेला आडसच्या अलीकडे चढावर गाडी झटके द्यायला लागली, मग बंद पडली. बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा वास आणि पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी ओलसर. हाताने दाबली तर बोटाला काळं लागलं, नळी पावासारखी मऊ झालेली. इंजिन थंड होऊ दिलं, टोकाचा खराब भाग कापून नळी पुन्हा क्लिपमध्ये बसवली आणि हळूहळू घरी आले.

मिस्त्री म्हणाला, "ताई, कार्बोरेटरला काही झालं नाही. ही जुनी नळी हाय, आताच्या पेट्रोलला टिकंना. गावातल्या सगळ्या जुन्या गाड्यांचं हेच चालू हाय."

कारण असं. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. १९९९ च्या गाडीतल्या रबरी वस्तू त्याचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि कुरतडतं, हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून बरेच दिवस उभ्या गाडीच्या टाकीत त्रास. शिवाय त्यात मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि अर्ध्या ॲक्सिलरेटरला गाडी अडखळते. आपल्याकडच्याच उसाचं इथेनॉल माझ्या टाकीत येत असेल, याचा मला रागही नाही. शेतकऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर नळी मी बदलीन.

बदललं ते सगळं लिहून ठेवते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या, इथेनॉलला चालणाऱ्या जातीच्या. फ्लोटची सुई आणि गॅस्केट. काचेचा इनलाइन फिल्टर, म्हणजे पाणी आलं तर डोळ्यांना दिसेल. पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल कमी ठेवायचं आणि परत काढल्यावर ताजं भरायचं. यानंतर एकदाही बंद पडलेली नाही.

जानेवारी. केज–धारूर बाजूची गावं

रस्ता सुंदर. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाट्यावर, सकाळी साडेसातलाही धुकं. एका टप्प्यात चौदा किलोमीटर समोरून एकही गाडी आली नाही. वहीत मी "आतापर्यंतचा सर्वात शांत रस्ता" असं लिहिलं आणि मग एका वस्तीजवळ थांबले.

दहा-बारा घरं, त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांना कुलूप. ओट्यावर एक म्हातारी आणि दोन पोरं. तिनेच हाक मारली.

"कुणीकडं चाललीस गं माय?"

"धारूरला, आजी."

"मग मला घी की. नातवाला खोकल्याचं औषिध आणायचंय. एसटी आता बाराला."

दोन्ही नातवंडांसकट ती बसली. लेक आणि सून ऊसतोडीला गेलेले, दसऱ्यानंतरच. पाडव्याच्या आगेमागे येतील. वस्तीतले सगळे कर्ते लोक गेलेत, म्हणाली, आम्हीच उरलोत राखणीला. धाकटा मांडीवर खोकत होता. मोठा काचेचं हँडल फिरवून काच खाली-वर करत होता, त्याला मी करू दिलं. थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "हळू चालवतीस ते बरं करतीस. पळवली की मला मळमळतंय." मी चाळीसवर आणली. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसला या इंजिनाचा आवाज इतका कमी असतो की मागच्या सीटवरचं सगळं बोलणं ऐकू येतं.

दवाखान्यापाशी उतरताना तिने पदराच्या गाठीतली बोरं काढून डॅशबोर्डवर ठेवली.

वहीतलं ते वाक्य मी खोडलं नाही. खाली एवढंच लिहिलं की हा रस्ता पाडव्यानंतर पुन्हा चालवायचा आणि तेव्हा किती शांत असतो ते बघायचं. दर हिवाळ्यात मी या रस्त्यांवर येते आणि ते इतके मोकळे का असतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण कुलपं मोजली नव्हती.

फेब्रुवारी. कळंब–ढोकी–तेर

मांजरा ओलांडून धाराशिव जिल्ह्यात. गाळप हंगाम जोरात, त्यामुळे कळंबच्या पुढे मजा कमी. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडे हात-हातभर ऊस, मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असं नाही. आठशेचे हेडलाइट मंद, पिवळे. नियम पक्का केला आहे: ऊसपट्ट्यात अंधार पडायच्या आत गाडी घरात.

तेरला मात्र दोन तास काढले. गोरोबा काकांच्या समाधीपाशी, तेरणेच्या काठावर गाडी लिंबाच्या सावलीत लावली. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ पाहिलं, त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. हे जुनं तगर, प्राचीन काळचं व्यापारी शहर, इथून माल बैलगाड्यांनी पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांकडे जायचा. ढोकीपर्यंतचा परतीचा रस्ता त्याच दिशेने जातो की नाही मला सांगता येणार नाही, पण वळणं इतकी सैल आहेत की बैलाच्या चालीला धरूनच पडली असावीत असं चालवताना वाटत राहिलं.

मार्च. हिशेब

ऑक्टोबरपासून २,१४० किलोमीटर. रस्ते नऊ, त्यातले तिसऱ्या गिअरचे म्हणून पक्के केलेले चार: आडस–धारूर, केजहून धारूरकडचा आतला रस्ता, पाटोद्याकडून सौताड्याच्या बाजूचा, आणि मुकुंदराजाच्या समाधीकडे जाणारा छोटा तुकडा. शेवटचा अगदीच थोडा आहे, पण बँकेतून सुटल्यावर संध्याकाळी जाऊन येता येतं, आणि दरीकडेला गाडी उभी करून इंजिन बंद केलं की तापलेल्या एक्झॉस्टचा टिकटिक आवाज ऐकू येतो.

ॲव्हरेज पूर्वी साडेसतरा मिळायचं, आता सोळा-सव्वासोळा. टायरमध्ये हवा मी चारही बाजूंना २६ ठेवते. मागचे शॉकॲब्सॉर्बर संपत आलेत, लाटेवरून गेल्यावर मागची बाजू दोनदा उसळते. ते एप्रिलमध्ये.

अर्ध्या ॲक्सिलरेटरचं अडखळणं मात्र नळ्या बदलूनही पूर्ण गेलेलं नाही. तिसऱ्या गिअरला पस्तीस ते चाळीसच्या मध्ये, हलक्या चढावर, नेमकं जिथे मला गाडी सर्वात गोड हवी आहे तिथेच. मिस्त्री मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघू म्हणतो. कार्बोरेटरच्या आठशेवर आताच्या पेट्रोलसाठी कुणी तसं करून पाहिलं असेल तर जेटचा नंबर, प्लगचा रंग आणि त्यानंतरचं ॲव्हरेज कळवा. पाडवा झाला की केज–धारूरचा रस्ता पुन्हा चालवायचा आहे, त्याआधी हे बसवून घेईन.