वहीतली साखर आणि रिपोर्टमधली साखर

आज दादरच्या लॅबमधून आईचा रिपोर्ट आणला. एचबीएवनसी (मधुमेहाची एक रक्ततपासणी) ८ टक्के, म्हणजे सरासरी साखर साधारण १८३. घरच्या ग्लुकोमीटरची सरासरी मात्र १३२! आई हिरमुसली, "मशीनच बिघडलंय." मशीन ठीक आहे गं. वहीतले सगळे आकडे सकाळचे, उपाशीपोटीचे. दुपारच्या भातानंतर साखर किती चढते, ते त्यात येणार कुठून? एचबीएवनसीत मात्र गेल्या दोन-तीन महिन्यांचं सगळं उतरतं, कारण साखर लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. डॉक्टरांनी हिमोग्लोबिनही तपासायला सांगितलंय. लोह कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो. (हे खरंच सगळ्यांना माहीत हवं.) आता जेवणानंतर दोन तासांनीही बोट टोचायचं ठरलंय. आई कुरकुरतेय, पण तयार आहे.