सात मतं

सोसायटीच्या निवडणुकीत मला सात मतं. परत मोजायला लावली, तरी सातच. मी एकोणीस धरून चालले होते. मग बारा कोण? दुपारपासून हेच चाललंय डोक्यात. जिन्यात भेटला तो प्रत्येक जण "ताई, तुम्हालाच" म्हणाला होता की!

झोप येईना, म्हणून पीटर कूपरचं अर्धवट राहिलेलं चरित्र काढलं. न्यूयॉर्कचा सरसवाला, म्हणजे चिकटवायचा सरस बनवणारा. शाळेत जेमतेम वर्षभर गेलेला. आधी सरसात पैसा केला, मग लोखंडात. 1830 मध्ये वाफेचं छोटंसं इंजिन बनवलं. त्याची घोड्याशी शर्यत लागली, इंजिन पुढेही गेलं, पण ऐन वेळी पट्टा घसरला आणि घोडा जिंकला, असं सांगतात.

आणि हा गृहस्थ 1876 मध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी, थेट राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला! ग्रीनबॅक पक्षाकडून. सोन्याला न बांधलेला कागदी पैसा चलनात राहू द्या, म्हणजे कर्जात रुतलेला शेतकरी जरा सुटेल, असं म्हणणं. मतं पडली शेकडा एकाहूनही कमी.

म्हणजे टक्केवारीत मी त्याच्या वर आहे. दादाला सांगायला हवं.

त्यानंही रात्री बसून मोजले असतील का, "तुम्हालाच" म्हणणारे? त्याला निदान ते जिन्यात तरी भेटत नसतील. मला उद्या सकाळी दूध आणायला उतरायचंय.

खरं तर मला त्याची निवडणूक नाही, ती विहीर आवडली. कष्टकऱ्यांच्या मुलामुलींना फुकट शिकता यावं म्हणून त्यानं कूपर युनियन काढलं, त्याची इमारत 1853 मध्ये बांधायला घेतली. माणसांची ने-आण करणारी लिफ्ट तेव्हा कुठे रुळलेलीही नव्हती. यानं मात्र तिच्यासाठी वरपासून खालपर्यंत विहिरीसारखी पोकळी सोडून ठेवली. तीही गोल! लिफ्ट येणार, आणि ती गोलच असणार. पुढे जगानं चौकोनी लिफ्टा केल्या, ते सोडा.

आमच्याकडे चार मजले आणि पोकळी नावालाही नाही. आई दिवाळीपासून खाली उतरलेली नाही. असो.

सातांपैकी सहा मला ठाऊक आहेत, माझं धरून. सातवं कुणाचं? संध्याकाळी तळमजल्यावरचे काका थांबवून विचारत होते, "लिफ्टला साधारण किती खर्च येतो हो?"

तळमजल्याला कशाला हवीय लिफ्ट?