तुम्ही विचारलंत म्हणून: त्या जादूच्या पुस्तकावर माझा एवढा राग का

"सर, पोरं वाचतायत ना, मग तुम्हाला काय त्रास?" हे मला स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, परवा तर बीडच्या एसटीतसुद्धा विचारून झालंय. शाळेच्या कपाटातली ती जादूगार पोराची कादंबरी मला आवडत नाही असं एकदा बोलून बसलो, तेव्हापासून मी लेकरांच्या आनंदावर उठलेला माणूस. तर लिहूनच टाकतो एकदाचं.

पुस्तक मीच आणलं होतं, स्वतःच्या खिशातले 350 रुपये घालून. कव्हरवर किल्ला होता, वाटलं आपल्या धारूरच्या किल्ल्यासारखं काही असेल. आत अनाथ पोरगा, हातावर खूण, अर्ध्यात मरणार हे पहिल्याच पानावर दिसणारे दाढीवाले आजोबा, हुशार पोरगी, खादाड मित्र, तीन चाव्या. नावं सगळी मराठी, पण थंडी वाजली की शेकोटीपाशी बसून सूप पितात. वर्गातल्या एकानं अगदी मनापासून विचारलं, "सर, सुपात पितेत कसं? गळंल की!"

साचेबद्ध आहे म्हणून राग, असं मी बरेच दिवस सांगत होतो. ते काही खरं नाही. वेताळ पंचविशीत दुसरं काय आहे? राजा बोलला की प्रेत परत झाडावर, पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि लहानपणी मी ते दिव्याखाली डोळे फाडून वाचलंय. पण वेताळ दर वेळी कोड्यात पाडतो, हे पुस्तक काही विचारतच नाही... असं म्हणून मी सुटू शकतो. पण मूळ भानगड वेगळी आहे.

दिवाळी झाली होती. सातवीतली एक पोरगी, आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणारे, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन झालेले, ट्रॅक्टर वेशीत उभा. ती पळत शाळेत आली, पुस्तकात मध्यावर बोट घातलेलं. "सर, हे नेऊ का? कारखान्यावर वाचते, आल्यावर आणून देते." आदल्या वर्षी दोन पुस्तकं अशीच गेली होती, रजिस्टरचं उत्तर मला द्यावं लागतं, वगैरे. हे पुस्तक तर रजिस्टरला नव्हतंच. तरी मी म्हणालो, अगं राहू दे, त्यात काय आहे एवढं, पुढं काय होतं ते मीच सांगतो. आणि सांगितलं की. आजोबा मरतात, तिसरी चावी गळ्यातल्या ताईतात निघते, दगाबाज तो सख्खा काका, आणि शेवटी पोरगा त्याला माफ करतो. मी स्वतः तेव्हा शंभरेक पानंच वाचली होती, नुसते अंदाज ठोकत होतो आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती मला. तिनं हळूच बोट काढून घेतलं. "मंग काय वाचायचं ऱ्हायलं सर," म्हणाली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गेली.

त्या रात्री उरलेलं वाचून काढलं. सगळं बरोबर, एकच चुकलं. चावी ताईतात नव्हती, आजोबांच्या काठीत होती.

गुढीपाडव्यानंतर ती आली, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे. मी घाईघाईनं म्हणालो, अगं, ती चावी काठीत होती बरं का.

"कोणती चावी, सर?"

आता तुम्ही म्हणाल की मग चूक तुमची, पुस्तकाची नाही. असेल. पण मी दरवर्षी पोरांना आपल्या पैठणच्या गुणाढ्याची गोष्ट सांगतो, कथासरित्सागरातली. सात लाख श्लोक रक्तानं लिहिले, सातवाहन राजानं झिडकारले, मग हा जंगलात एकेक पान वाचून आगीत टाकतोय आणि जनावरं चरायची सोडून ऐकतायत, इतकी की राजाच्या ताटातलं मांस वाळकं यायला लागलं. शेवट सगळ्यांना पाठ आहे तरी म्हणतात, सर पुन्हा. त्या कादंबरीचा शेवट एकदा सांगितला अन् ती संपली. आता ही माझी पळवाट आहे का? आहे थोडी. तिला ते पुस्तक आवडलं होतं, हे तर कुठंच जात नाही.

पुस्तक अजून कपाटात आहे, सगळ्यात वरच्या कप्प्यात. मुद्दाम पोरांचा हात पुरू नये म्हणून ठेवलं का, हेही विचारतात लोक. नाही हो, खालच्या कप्प्याला वाळवी लागलीय.