कीथलीची आगगाडी आणि बार्शीचे मामा

इंग्लंडमधल्या लीड्सहून कीथलीला साध्या गाडीने अर्धा तास लागतो. उतरलं की एक आणि दोन नंबरच्या फलाटांवर आजच्या गाड्या, आणि त्याच स्टेशनातल्या तीन-चार नंबरवर सरळ १९५०चं दशक. पत्र्याच्या जुन्या जाहिराती, रचून ठेवलेल्या चामडी सुटकेसी, आणि फलाटाच्या टोकाला धुसफुसणारं काळं इंजिन. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नाक वर करून वास घेतला. "दगडी कोळसा," एवढंच म्हणाले. मामा मूळचे बार्शीचे. त्यांचं लहानपण 'बार्शी लाईट' या अरुंद रुळांच्या आगगाडीच्या शिट्टीवर गेलेलं, त्यामुळे यॉर्कशरला आल्यावर त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न पडला नव्हता.

कीथली ते ऑक्सनहोप ही जेमतेम पाच मैलांची लाइन. खोऱ्यातल्या लोकरीच्या गिरण्यांसाठी ती १८६७ साली सुरू झाली. बांधताना नकाशे म्हणे गाईने खाल्ले आणि कामाला उशीर झाला. खरंखोटं गाईला ठाऊक, पण इथले लोक ही गोष्ट अभिमानाने सांगतात. ब्रिटिश रेल्वेने १९६२ साली लाइनला कुलूप लावलं. मग गावकऱ्यांनी आणि रेल्वेवेड्यांनी संस्था काढली, सहा वर्षं भांडून-जमवून लाइन ताब्यात घेतली आणि २९ जून १९६८ला स्वतःची पहिली गाडी सोडली. गंमत बघा, त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ११ ऑगस्टला, ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरच्या वाफेला निरोप दिला. ज्यांचा तो धंदा होता त्यांनी तो सोडला आणि हौशी लोकांनी धरला. आजही ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, तिकीटवाले हे बहुतेक सगळे बिनपगारी.

गाडी सुटली ती चढावरच. एकाला अठ्ठावन्न, म्हणजे अठ्ठावन्न फूट पुढे गेलं की एक फूट वर. "आपला बोरघाट एकाला सदतीस," मामांनी लगेच हिशेब मांडला. पण इंजिनाला ते कोण सांगणार? ते आपलं जीव तोडून धापा टाकत होतं. आमचा डबा १९५०च्या दशकातला, ब्रिटिश रेल्वेचा. रोजच्या फेऱ्यांना हेच डबे असतात. उतरताना दार उघडायला आतून मूठच नाही. काच खाली सरकवायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची पितळी मूठ फिरवायची. मामांनी ते पहिल्या झटक्यात केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की बस्स.

आम्ही उतरलो ते इंग्रोला. इथलं दगडी स्टेशन मूळचं इथलं नाहीच. फाउलरिज गावातली इमारत दगड-दगड सुटा करून इथे आणून उभी केली आहे. शेजारी जुन्या डब्यांचं संग्रहालय आहे आणि माझ्या मते या लाइनवरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. लोक मात्र इंजिनाबरोबर फोटो काढतात आणि पुढे जातात.

इंजिनाचं नशीब तसं बरं म्हणायचं. ते लोखंडाचं. वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगारवाल्याच्या अंगणात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं गंजलेली दोनशे तेरा इंजिनं हौशी लोकांनी सोडवली, त्यातलं पहिलं, ४३९२४ नंबरचं, १९६८ साली याच लाइनवर आलं. गंजलेला भाग नवा ओतता येतो. दर दहा वर्षांनी बॉयलर उतरवून पुरती दुरुस्ती करावी लागते, त्याला लाखो पौंड लागतात, पण इंजिनासाठी वर्गणी मिळते. डब्याला कोण देणार? तो लाकडाचा. बाहेरच्या फळीच्या कडेतून एक थेंब आत शिरला की खालची तुळई भुसभुशीत व्हायला लागते, आणि बाहेरून रंग मात्र ठणठणीत दिसतो. निवृत्त झालेल्या कित्येक डब्यांची चाकं काढून सांगाडे विकले जायचे. कुणी त्यात संसार थाटला, कुणी कोंबड्या पाळल्या. पुष्कळसे डबे वाचले ते अशा कोंबड्यांच्या कृपेने.

संग्रहालयातला १८७६चा चार चाकी डबा मी बराच वेळ पाहत राहिलो. पहिला, दुसरा आणि तिसरा असे तिन्ही वर्ग एकाच डब्यात, मध्ये फक्त फळीची भिंत. खिडकीला चामड्याचा पट्टा, त्याला कमरपट्ट्यासारखी भोकं. काच जितकी उघडी हवी ते भोक पितळी खुंटीत अडकवायचं. पट्ट्याच्या मधल्या भोकाची कड बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली होती. बहुतेकांना खिडकी अर्धीच हवी असावी.

रंगाच्या ब्रशसह एक आजोबा कोपऱ्यात बसले होते. घासायचं, अस्तर लावायचं, पुन्हा घासायचं, मग रंग, मग सोन्याच्या वर्खाची अक्षरं, मग वार्निश. एका बाजूला महिनोन् महिने जातात, म्हणाले. मामा कुठले, असं त्यांनी विचारलं. "बार्शी," मी सांगितलं, पुढे सोलापूर वगैरे समजावण्याच्या तयारीत. आजोबांनी ब्रश खाली ठेवला. "कॅलथ्रॉप!"

मग आम्हाला तासभर हलता आलं नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली, बार्शी लाईट उभी केली. कुठल्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, की हलके रूळ पुरतात आणि डबा मात्र ऐसपैस करता येतो, हे त्याचं सूत्र. इंजिनं बांधली लीड्सच्या किटसन कंपनीने, आणि बोटीवर चढवण्याआधी १८९६ साली लीड्सजवळच्या न्यूले इथे रूळ टाकून सगळ्यांना चालवून दाखवली. १८९७ला बार्शीला गाडी सुरू झाली, १९०६ला ती पंढरपूरला पोचली. मामांना यातलं पंढरपूर तेवढं माहीत होतं. वारीत टपावर बसलेले वारकरी, चढावर उतरून गाडीबरोबर चालणारी पोरं, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि मी इंग्रजीत करत गेलो. याच नमुन्यावर कॅलथ्रॉपने स्टॅफर्डशरमध्येही एक लाइन काढली, लीक आणि मॅनिफोल्ड. ती १९३४ला बंद पडली आणि तिची दोन्ही इंजिनं भंगारात गेली. आजोबांना त्याची हळहळ अजून आहे.

परतीच्या गाडीत फायरमनशी दोन शब्द झाले. त्याची चिंता कोळशाची. साउथ वेल्समधली फोस-ई-फ्रान खाण २०२३ला बंद झाली, आता कोळसा परदेशातून आणायचा किंवा कोळशाची भुकटी आणि इतर गोष्टी दाबून केलेल्या वड्या वापरून बघायच्या. वाफेच्या इंजिनाच्या देशात कोळसा बोटीने येतो, याला काय म्हणावं!

जाणार असाल तर: जुने लाकडी डबे रोज चालत नाहीत, ठरावीक दिवशीच निघतात, तेव्हा तारीख बघून तिकीट काढा. दिवसभराचं तिकीट घ्या, चढ-उतार कितीही करता येते. पांढरे कपडे घालू नका. आणि इंजिनाला लागूनच्या डब्यात बसा. डोळ्यात कण जातील असं लोक सांगतील, ते जातातच. मामा घरी पोचेपर्यंत डोळा चोळत होते आणि न्यूले कुठे आहे, उद्या जाता येईल का, हे विचारत होते.