नुसते नॉकआउट नको, अख्खा राउंड दाखवा

टीव्हीवर किकबॉक्सिंगचा कार्यक्रम लागला की आमच्या देवगडात कराटे शिकणारी वाडीतली पोरं हमखास घरी येऊन बसतात, आणि के-वनच्या, म्हणजे जपानात सुरू झालेल्या किकबॉक्सिंग मालिकेच्या, जुन्या फाइट असल्या तर मग कोणी उठतच नाय. १९९३ ला टोकियोत के-वनची पहिली ग्रां प्री, म्हणजे मुख्य स्पर्धा, झाली, आठ फायटर, क्वार्टर-सेमी-फायनल सगळं एकाच रात्री, म्हणजे जिंकायचं तर एका रात्रीत तीन फाइट! फायनलला ब्रँको सिकाटिचने अर्नेस्टो होस्टला नॉकआउट केलं, पण पुढे ह्याच होस्टने चार वेळा ग्रां प्री मारली.

होस्टची लो किक बघाच. मांडीवर परत परत मारत राहतो, समोरच्याचा पाय जड होतो, त्याचं लक्ष खाली जातं आणि मग वरून पंच येतो.

पण हायलाइट्समध्ये फक्त तो शेवटचा पंच दाखवतात, आधीच्या किक कापून टाकतात, हे मला अजिबात पटत नाय. खरी फाइट तीच असते ना! कॉमेंट्रीवाल्यांनी नियमपण सांगावेत, मुय थायमध्ये, म्हणजे थायलंडच्या बॉक्सिंगमध्ये, कोपर मारलेलं चालतं, के-वनमध्ये नाय चालत, पोरं दरवेळी हेच विचारतात.